एक-आठ की एक-चार

नाही, पण तुम्हीच सांगा, मोटारीच्या इंजिनाचा पाइप कुणी बांगडीनं मोजतं का? हसू नका, मीही आधी हसले होते, त्याचंच हे सगळं झालं. मला वाटलं होतं काय... म्हणजे लीड्सहून विमानात बसल्यापासून मी मनात तेच रंगवत आले होते, की सुरतेच्या उधन्यात एक अंधारं, तेलकट गॅरेज असेल, तिथं एक जुना मिस्त्री दिसेल त्या गोष्टीवर हातोडी मारत बसलेला असेल, मी जाईन, पिशवीतून व्हर्नियर काढीन, भिंतीवर खडूनं हवेच्या वेगाचं सूत्र लिहीन, आणि मिस्त्री हातोडी खाली ठेवून म्हणेल, "इतकी वर्षं आम्ही काय करत होतो." हे वाक्य त्याच्यासाठी मीच पाठ करून ठेवलं होतं. आणि सापडलं काय? गॅरेज अंधारं होतं, तेलकट होतं, तेवढं जुळलं. पण मिस्त्रीच्या फळीवर, पान्यांच्या शेजारी, तारेत ओवून ठेवलेल्या लहान मुलींच्या काचेच्या बांगड्या. हिरव्या, लाल, एक जांभळी. मी म्हटलं, नात आली असेल खेळायला. तर मिस्त्रीनं त्यातली एक हिरवी काढली, समोरच्या, ओतकामासाठी केलेल्या वाळूच्या दांडक्यावरून अलगद सरकवली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "एक-चार. बराबर शे."

आता या मिस्त्रीचं नाव धुडकू. धुळ्याकडचा माणूस, तीस वर्षं सुरतेत काढली तरी अहिराणी सुटलेली नाही, आणि सुटावी असं त्याला वाटतही नाही. मी त्यांना काका म्हणते. आणि त्या बांगड्या त्यांच्या बायकोच्या, वत्सलामावशींच्या. मावशी डोक्यावर मोठी टोपली, म्हणजे हारा, घेऊन नवागामच्या गल्ल्यांमधून बांगड्या विकतात, काका उधन्यात इंजिनं उघडतात, आणि दोघांचा धंदा या एका तारेत ओवलेला. बांगडीचं माप तुम्हाला ठाऊक असेलच, घरातल्या बायकांना तर असेलच. एक-चार म्हणजे आतून सव्वा इंच, एक-आठ म्हणजे दीड इंच, मोठ्या बाईच्या दोन-चार, दोन-सहा. मी म्हटलं, "काका, अहो मापाची उपकरणं असतात." तर म्हणाले, "शेत ना. व्हर्नियर हाऊ शे." आणि खोक्यातून खरोखर एक व्हर्नियर काढून दाखवला, तोही चांगला. "पन देख माय, व्हर्नियर पडना तं गपचूप खोटं सांगस. दहा वरीस सांगस, कोनले समजत नही. बांगडी पडनी तं फुटी जास. फुटेल बांगडी कोनलेच फसवत नही."

तुम्हाला सांगते, लीड्सच्या विद्यापीठात मोजमापाच्या चुका या विषयावर माझी एक पूर्ण परीक्षा झाली होती. त्या परीक्षेत हे वाक्य कुणी लिहिलं असतं तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. इथं मी काय केलं? गुपचूप माझा व्हर्नियर काढला आणि त्यांच्या सगळ्या बांगड्या मोजल्या. एक-चार निघाली एकतीस पूर्णांक सात मिलिमीटर. दुसरी एक-चार, तीही तेवढीच. लाल, तीही. कुठल्या भट्टीत कोण करतं हो इतकं नेमकं? वत्सलामावशी बाजूला बसून बघत होत्या. म्हणाल्या, "झायं मोजीसन? आते तुना हात दे." आणि माझा हात धरून, बोटांच्या मुळाशी दाबून, एका क्षणात म्हणाल्या, "दोन-चार."

मी म्हटलं, "नाही मावशी, दोन-चार घट्ट होतात, मला दोन-सहा द्या, मोकळ्या."

त्यांनी माझा हात सोडला. मग दोन-सहा दिल्या. ही गोष्ट फेब्रुवारीतली. लक्षात ठेवा, फेब्रुवारी.

आता गाडीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बांगड्याच विकते आहे. मी प्रज्ञा, नवागामची. बाबा, भगवंत त्यांचं नाव, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, आता निवृत्त झाले. मी सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले, इंजिनात हवा कशी शिरते या विषयावर दोन वर्षं घालवली, आणि आले. आणि आमच्या वस्तीची एक अँबेसिडर आहे. चौसष्ट सालची, पांढरी. म्हणजे होती पांढरी. एका बंद पडलेल्या मिलच्या आवारात सडत होती, ती वस्तीनं मिळून उचलून आणली, धुडकूकाकांनी उभी केली, आणि तेव्हापासून वस्तीत कुणाला कळा सुरू झाल्या की ती गाडी, कुणाची वरात असली की ती गाडी. आणि चौदा एप्रिलला तर तीच. टपावर लाकडी चौथरा, त्यावर बाबासाहेबांची तसबीर, फुलं, निळे झेंडे, पुढे लेझीम, मागे पांढऱ्या साड्यांमधल्या बायका, आणि स्टिअरिंगवर माझे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, सहा तास. नवागामपासून उधन्यापर्यंत. सहा तास हो. चालत गेलं तर तासाभरात पोचाल.

मागच्या वर्षी ही गाडी उधन्याच्या पुलाच्या अलीकडे सात वेळा बंद पडली. मी तेव्हा लीड्सला होते, पण मला सगळ्यांनी सांगितलं, प्रत्येकानं वेगवेगळं, फक्त सात हा आकडा सगळ्यांचा सारखा. सातव्यांदा सुरूच झाली नाही. मग वीस-पंचवीस माणसांनी ढकलली. आमचा हितेश भोंग्यावर असतो, सुरतेत जन्मलेला पोरगा, मराठी बोलताना मधेच गुजराती होतो, त्यानं माइकवरून सांगितलं, "भाईओ अने बहेनो, गाडी थोडी विश्रांती घेते छे." लोक हसले. बाबा हसले नाहीत. ढकललेल्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसून राहिले. मला पत्रात त्यांनी एकच ओळ लिहिली होती. "ज्यांनी आपल्याला पायांवर उभं केलं, त्यांना मी ढकलत नेलं." बस. खाली, तुझा बाप. आणि वर्षभर, तुम्हाला सांगते, वर्षभर हा माणूस त्या पुलाच्या रस्त्यानं गेला नाही. भाजी आणायलाही लांबून जायचे.

या वर्षी समिती म्हणाली, ट्रॅक्टर आणू भाड्यानं. बाबा म्हणाले, एक संधी द्या, माझी पोरगी येते आहे विलायतेहून, ती बघेल. आता झाली ना पंचाईत? मला कुणी विचारलं होतं? पण मी, तुम्हाला सांगते, विचारलं नाही याचा मला आनंदच झाला. हेच तर करायला आले होते मी. शिकलेलं ज्ञान वस्तीच्या कामाला लावायचं, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

तर दोष सापडला. कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल इंजिनात नेणारा जो दोन फाट्यांचा पाइप असतो ना, त्याला चीर गेली होती. त्यावर साबण, सुतळी, कसलासा लेप, असा मोठा इतिहास होता. पाइप नवा करायला हवा. बाजारात मिळाला असता का? मिळाला असता, पण आणखी कुणाच्या तरी गाडीवरून उतरवलेला, तितकाच चिरलेला. काका म्हणाले, ओतूनच घेऊ. उधन्यात लूमचे सुटे भाग ओतणारे कारखाने गल्लोगल्ली, त्यातला एक काकांच्या ओळखीचा. वाळूचा गाभा करायचा, भोवती अॅल्युमिनियम ओतायचं, वाळू झाडून टाकायची, पाइप तयार. गाभा जेवढा जाड, तेवढं पाइपचं भोक. आणि गाभा मोजायला ती बांगडी. बांगडी अडली तर जाड, बांगडी खुळखुळली तर बारीक, बांगडी नेमकी सरकली तर झालं. हे बघून माझ्या अंगावर काटा आला. याला आमच्याकडे रिंग गेज म्हणतात आणि ते मखमलीच्या डबीत ठेवतात.

पण जाड किती? हा प्रश्न. काका म्हणाले एक-चार. मी म्हटलं थांबा, मी गणित करते. दोन दिवस गणित केलं. इंजिन किती लिटरचं, फेरे किती, हवेचा वेग किती. साडेचार हजार फेऱ्यांना इंजिनाला जास्तीत जास्त श्वास घेता यावा म्हणून पाइप निघाला अडतीस मिलिमीटरचा. अडतीस म्हणजे दीड इंच. दीड इंच म्हणजे एक-आठ. जांभळी बांगडी.

काकांनी वही बघितली. पानं उलटली. खरं सांगते, त्यांनी ती वही अशी धरली होती जशी मी त्यांची बांगडी धरायला हवी होती. मग फक्त एवढंच विचारलं, "गाडीले जावानं कोठे शे?"

गाडीला जायचं कुठं आहे. बास. मी म्हटलं, "काका, प्रश्न तो नाही. प्रश्न इंजिनाच्या क्षमतेचा आहे." आणि मी तिथं, त्या तेलकट जमिनीवर उभं राहून, क्षमतेवर बोलले. माणसाची क्षमता, यंत्राची क्षमता, आपल्या लोकांना कायम कमी माप मिळालं म्हणून आपण कमीच मागतो, छोट्या पाइपात समाधान मानतो, का म्हणून, मोठं माप आपलंही आहे... अशी बोलले की शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं चष्मा वर केला. हितेश आला होता भोंग्याच्या बॅटरीसाठी, तो म्हणाला, "बराबर छे प्रज्ञाबेन, मोट्ठा पाइप एटले मोट्ठी ताकत ने?" मी म्हटलं, "अगदी तेच." आणि हितेशनं काय केलं, दुसऱ्या दिवशी रविवारची वंदना झाल्यावर विहारात माइकवरून जाहीर केलं, की यंदा आपल्या गाडीला विलायतेच्या गणिताचा अडतीस मिलिमीटरचा पाइप बसणार. टाळ्या. बाबा पहिल्या रांगेत. मान ताठ.

काका मात्र टाळ्या झाल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाले, "तू शिकेल शेस माय. तू म्हनशी ते करू. पन गाडीले जावानं कोठे शे?"

तुम्हाला सांगते, मला तेव्हा या प्रश्नाचा कंटाळा आला होता.

पाइप ओतला. सुंदर होता हो. मी अजूनही म्हणेन सुंदर होता. आतून गुळगुळीत, बाहेरून रुपेरी. बसवताना माझ्या हातातली एक दोन-सहा बांगडी सुळकन निसटली आणि इंजिनाच्या खाली कुठंतरी गेली, ती काढायला काकांना अर्धा तास लागला. वत्सलामावशींना नेऊन दिली फक्त. अकरा एप्रिलला आम्ही गाडी सचिनच्या, म्हणजे सचिन नावाच्या गावाच्या, रस्त्याला काढली. सकाळी रस्ता मोकळा होता. बाबांनी चौथा गिअर टाकला, मी शेजारी, काका मागे, आणि ती बत्तीस वर्षांची म्हातारी अशी पळाली, अशी पळाली... काटा पंच्याऐंशीवर. बाबा त्यांच्या वऱ्हाडीत ओरडून म्हणाले, "काहून बाप्पा, हे तं विमान झालं." सचिनला उतरून आम्ही चहा घेतला, बाबांनी ओळख नसलेल्या दोन माणसांनाही पाजला, आणि त्यांना सांगितलं, माझ्या पोरीनं केलं. काकाही म्हणाले, "पाइप भारी झाया." मनापासून म्हणाले. त्या माणसाला दुसऱ्याचं चांगलं काम बघून आनंद होतो, हा त्याचा मोठा दोष आहे, कारण त्यामुळे तुम्हाला त्याच्यावर रागावता येत नाही.

मग तेरा तारीख उजाडली. संध्याकाळ व्हायला आलेली, गाडी नवागामात उभी, टपावर चौथरा चढवून झालेला, बायका फुलं ओवत बसलेल्या. वत्सलामावशी हारा घेऊन घरी निघाल्या होत्या. गाडीपाशी थांबल्या, कमरेवर हात ठेवला आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, मन्ह्या मांगे मांगे चालाडा जरा, देखू."

म्हणजे, माझ्या मागे मागे चालवून दाखवा. आता यात काय आहे? मी म्हटलं, पंच्याऐंशीनं पळालेली गाडी, हिला एका बाईच्या मागे चालायला काय होतंय. बाबा बसले. मावशी पुढं निघाल्या, डोक्यावर हारा, हात न लावता, त्यांची ती चाल, ना हळू ना भरभर. गाडी मागे. दहा पावलं. इंजिन खोकलं. वीस पावलं. इंजिन थुंकलं, म्हणजे खरंच कार्बोरेटरमधून थुंकलं. बंद. बाबांनी चावी फिरवली. सुरू. मावशी पुढं. बंद. बाबांनी क्लच दाबून रेस वाढवली, तर गाडी मावशींच्या अंगावर धावली, ब्रेक मारला, बंद. ओवणाऱ्या बायकांचे हात थांबले. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा मावशी वळल्या, गाडीकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि घरी गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका बॉनेट उघडून उभे होते. मला म्हणाले, "माय, कपडा कोठे वायस लवकर, मैदानमा का बोळमा?"

कपडे कुठं लवकर वाळतात. नवागामात वाढलेल्या मुलीला हे विचारायचं? आमच्या दोन घरांमधला बोळ दोन हात रुंद आहे, तिथं वारा असा येतो की चिमटे उडतात. आणि पलीकडच्या मैदानात साडी दिवसभर लटकून राहते. मी म्हटलं, "बोळात."

"बोळमा वारा पयस," काका म्हणाले. "मैदानमा वारा फिराले जास."

बस. दोन वर्षं, तुम्हाला सांगते, माझी दोन वर्षं त्या एका वाक्यात मावली. इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा रुंद पाइप बरोबर आहे, कारण तेव्हा हवा तशीही पळते. पण इंजिन सावकाश फिरत असेल, तर रुंद पाइपात हवा रेंगाळते, पेट्रोल सोबत न्यायचं सोडून पाइपाच्या भिंतीला चिकटवते, आणि इंजिनापर्यंत पोचतं ते कधी उपाशी, कधी घशाशी आलेलं. बारीक पाइपात हवा पळते आणि पेट्रोल उचलून नेते. हे मला माहीत नव्हतं? माहीत होतं. पुस्तकात होतं. परीक्षेत लिहून आले होते. फक्त गाडीला जायचं कुठं आहे हे मी बघितलं नव्हतं.

वही उधन्याला गॅरेजात राहिली होती, ती आणायला रात्री गेले, आणि दाराशीच थांबले. आत बाबा आणि काका. काका म्हणत होते, "भगवंतभाऊ, एक-चारना पाइप तयार शे. दोन्ही संगेच ओतेल व्हतात. पोत्याखाले ठेयेल शे. अर्धा घंटानं काम."

बघा, म्हणजे त्यांनी दोन्ही ओतून ठेवले होते. पहिल्या दिवसापासून. आणि मला एका शब्दानं नाही.

आणि माझे बाबा काय म्हणाले? म्हणाले, "नको, धुडकू. पोरीनं सगळ्यांसमोर आकडा सांगितला. हितेशनं भोंग्यावर सांगितला. आता पाइप बदलला तं लोक म्हणतील, विलायतेला जाऊन काय शिकली. तिला इथं राहायचं आहे, काम करायचं आहे. मी क्लच सांभाळतो उद्या. पडली बंद तं पडली. ढकलू." आणि वर म्हणाले, "मला सवय आहे."

सवय आहे. ज्या माणसानं वर्षभर त्या रस्त्याची भाजी खाल्ली नाही, तो म्हणतो सवय आहे.

मी वही न घेता परत आले. बाबा आले तेव्हा आम्ही जेवताना ऊन किती वाढलंय याच्यावर बोललो. दोघंही अगदी मन लावून बोललो, ऊन या विषयावर.

चौदाच्या पहाटे उठले. वही गॅरेजात, म्हणून जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. सगळं तेच सूत्र, फक्त साडेचार हजार खोडले. त्या जागी काय लिहू? डोळ्यांसमोर वत्सलामावशींची चाल. मावशींच्या आणि आमच्या घरांमधलं अंतर मला ठाऊक, मावशींना ते किती वेळात चालून जाताना बघितलंय तेही ठाऊक, म्हणजे तासाला साडेचार किलोमीटर. पहिल्या गिअरमध्ये एवढ्या वेगाला इंजिनाचे फेरे सातशे. सूत्रात सातशे घातले, आणि हवेचा वेग घेतला तो पेट्रोल उचलून न्यायला लागतो तेवढाच, कमीत कमी. गुणले, भागले, वर्गमूळ काढलं. उत्तर आलं, एकतीस पूर्णांक नऊ.

एकतीस पूर्णांक नऊ हो. हिरवी बांगडी एकतीस पूर्णांक सात. मी त्या वर्तमानपत्राकडे बघत बसले. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मी शिकले ते खोटं नव्हतं. आणि काकांची बांगडीही खोटी नव्हती. काका तीस वर्षं आणि मी दोन, वेगवेगळ्या रस्त्यांनी आम्ही त्याच एका पाइपाकडे चालत आलो होतो, काका फक्त जरा आधी पोचले होते. अठ्ठावीस वर्षं आधी.

पांढरी साडी नेसले आणि गॅरेजात गेले. काका बसलेच होते. पाने ओळीनं मांडलेले, पोतं बाजूला केलेलं, एक-चार पाइप फडक्यावर ठेवलेला. माझी वही त्याच्याशेजारी, पुसून. मला बघून उठले नाहीत, दात घासल्यासारखा सहज प्रश्न विचारला, "गाडीले जावानं कोठे शे?"

मी म्हटलं, "मावशींच्या मागं, काका."

"मंग धर पाना," काका म्हणाले.

पण गाडी होती वस्तीत, चौथऱ्यासकट, आणि आम्ही पाइप घेऊन पोचेपर्यंत माणसं जमायला लागली होती. काका म्हणाले, गाडी मागं घेऊ, आडोशाला बदलू, कोणाला दिसणार नाही. आणि इथं, तुम्हाला सांगते, इथं मी ठरवलं. मी म्हटलं, नाही. सगळ्यांसमोर बसवलेला आकडा सगळ्यांसमोरच उतरवायचा. हितेशकडून माइक घेतला. हितेश कागद घेऊन तयार, त्यावर मोठ्या अक्षरांत अडतीस. मी म्हटलं, "माझं माप चुकलं. मी गाडी सचिनच्या रस्त्याला पळवायची म्हणून पाइप मोजला, आणि आपल्याला ती आपल्यासोबत चालवायची आहे. बरोबर माप धुडकूकाकांचं आहे, एक-चार. मी ते आता बसवणार आहे. अर्धा तास लागेल." आणि माइक परत दिला.

कुणी हसलं का? हसले ना. एक म्हातारे म्हणाले, "विलायतेवरून येऊन पाना धरते, चांगलं शिकवतात तिथं." पण बाबा... बाबा आधी खाली बघत होते. मग आले, बाह्या दुमडल्या, आणि बॉनेटच्या दुसऱ्या बाजूनं नट सोडवायला लागले. इस्त्रीचा शर्ट, हातभर ग्रीस. मी म्हटलं, "बाबा, शर्ट." म्हणाले, "राहू दे. मी फिटर आहे."

पाइप बसला. बाबांनी पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला, आणि मग खिडकीतून मला दिसावं म्हणून दोन्ही पाय वर उचलून धरले. दोन्ही. पुढे वत्सलामावशी, आज हारा नाही, हातात फुलांची टोपली, मागं वळूनही न बघता निघाल्या. आणि गाडी, पायानं न हाकता, आपली आपण, त्यांच्या मागं मागं चालायला लागली. जशी काही घरचीच म्हैस. हितेश माइकवर फक्त एवढंच म्हणाला, "चालू छे."

आणि पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला बाबांनी स्टिअरिंग वळवलं, स्वतःहून.

मी बॉनेटच्या कडेनं चालत होते. हातावरचं ग्रीस झटकलं, तर उरलेल्या दोन-सहामधली एक सुळकन निसटली आणि रस्त्यावर पडून फुटली. मावशींच्या कानांना बांगडीचा आवाज कितीही गर्दीत कळतो. परत आल्या. गाडी थांबली, बाबांनी थांबवली म्हणून थांबली, हे नोंदवून ठेवा. मावशींनी कमरेच्या पिशवीतून दोन-चारचा जोड काढला आणि माझ्यापुढं धरला.

मी हात पुढं केला. म्हटलं, घाला मावशी, दोन-चारच घाला.

चढताना थोडं दुखलं. मग बसल्या, नेमक्या. मावशी म्हणाल्या, "मी फेब्रुवारीमाच सांगेल व्हतं."

सांगितलं होतं. काय करता... मला सगळ्यांनी सगळं फेब्रुवारीतच सांगितलं होतं.